बदल छोटाच होता!

(धानोरा, जि. नंदुरबार येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते गणित शिकवत, एवढं मला संयोजकांनी कळवलं. विषयही त्यांनीच दिला. फोनवर म्हणाले, "रॉकेटं उडतात कशी ते पोरांच्या पुस्तकात आहे. पडतात कशी ते सांगा." माझ्या दृष्टीने यापेक्षा चांगलं आमंत्रण असू शकत नाही.

रॉकेट मी उडवलेलं नाही. माझी सगळी नोकरी कारखान्याच्या इन्स्पेक्शन खात्यात गेली. मायक्रोमीटर, गेज, ड्रॉइंग आणि शिक्का. या खात्यातल्या माणसाला कारखान्यात फारसं कोणी चहाला बोलावत नाही, कारण तो आला की माल अडतो. तेव्हा मी आज जे बोलेन ते अडवणाऱ्याच्या बाजूने बोलेन, हे आधीच सांगून ठेवतो.

आमच्या खात्यात एक वाक्य ऐकलं की जुने लोक हातातलं काम खाली ठेवत. "साहेब, बदल छोटाच आहे." मोठ्या बदलाची भीती नसते. मोठा बदल आला की बैठका होतात, हिशेब होतात, चार शहाणी माणसं रात्री झोपत नाहीत. छोटा बदल मात्र मागच्या दाराने येतो आणि तो कुठवर पोचला हे कोणी पाहत नाही.

इथे शेतकरी बसलेत म्हणून शेतातलंच सांगतो. बोअरची पाच एचपीची मोटार जळाली. दुकानदार म्हणाला, साडेसातची टाका, पाणी जास्त फेकेल. टाकली. बदलली फक्त मोटार. पण केबल पाचच्या हिशेबाची होती, स्टार्टरचा रिले पाचवर लावलेला होता आणि बोअरमध्ये पाणी होतं तेवढंच होतं. केबल तापली, मोटार पाणी उपसून कोरडी पळाली. आता मोटार उघडून कितीही बघा, तिच्यात दोष सापडणार नाही. दोष तिच्याभोवती आहे. जुन्या मोटारीच्या भोवतीच्या प्रत्येक वस्तूने काही गोष्टी गृहीत धरल्या होत्या, आणि त्या कुठेही लिहिलेल्या नव्हत्या.

रॉकेटचं सांगायचं तर आपल्याच देशाचं घेऊ. 18 जुलै 1980 रोजी एसएलव्ही-3 या रॉकेटने 35 किलोचा रोहिणी उपग्रह कक्षेत सोडला. 22 मीटर उंची, 17 टन वजन, चार टप्पे, चारही घन इंधनाचे. देशभर पेढे वाटले गेले. पण 35-40 किलोच्या उपग्रहाने काम ते किती होणार? दीडशे किलो न्यायचे तर काय करावं? अगदी नवं रॉकेट म्हणजे बरीच वर्षं आणि भरपूर पैसा. मग शहाणपणाचा वाटावा असा मार्ग निघाला. सिद्ध झालेलं रॉकेट गाभ्याला ठेवायचं आणि त्याच्या पहिल्या टप्प्यासारख्याच दोन मोटारी दोन अंगांना बांधायच्या. वजन गेलं 40 टनांच्या आसपास. नाव पडलं एएसएलव्ही. गाभा ओळखीचा, बाजूच्या मोटारीही ओळखीच्या जातीच्या. कागदावर यात अनोळखी असं फार थोडं होतं.

24 मार्च 1987. दोन्ही बूस्टर ठरल्याप्रमाणे जळाले. त्यांचं जळणं संपत आलं, आता मधला टप्पा पेटायचा. तो पेटलाच नाही. रॉकेट समुद्रात गेलं.

13 जुलै 1988. या खेपेला मधला टप्पा पेटला. पण बूस्टर विझणं आणि मधला टप्पा जोरावर येणं, या दोन्हींच्या सांध्यात रॉकेट डळमळलं, तिरकं झालं आणि हवेच्या माऱ्याने मोडलं.

आता या सांध्याकडे जरा जवळून बघा. एसएलव्ही-3 मध्ये पहिला टप्पा जमिनीवर पेटायचा. रॉकेट उभं, स्थिर, भोवती वाराही बेताचा. एएसएलव्हीमध्ये तोच टप्पा हवेत पेटायचा होता, आवाजाच्या कितीतरी पुढच्या वेगात, आणि तेही हवेचा दाब रॉकेटला सर्वांत जास्त पिळतो त्या सुमाराला. मोटार तीच, तिच्यावर आलेली वेळ मात्र वेगळी. आणखी एक गोष्ट. बूस्टर जळत असताना रॉकेटला वळवण्याचं कामही बूस्टरच करत होते. त्यांच्या नॉझलमधून सुटणाऱ्या झोतात एका बाजूने द्रव सोडला की झोत किंचित कलतो आणि रॉकेट वळतं. पण झोतच मंदावला तर कलवणार काय? जोर गेला की सुकाणूही गेलं. पुढचा टप्पा जोरावर येईपर्यंत जो क्षण उरला त्यात हे रॉकेट कोणाच्याच ताब्यात नव्हतं. हा क्षण जुन्या रॉकेटमध्ये अस्तित्वातच नव्हता. म्हणून जुन्या कुठल्याही चाचणीत तो दिसणार नव्हता.

उपाय काय केला तेही ऐकण्यासारखं आहे. मधली मोटार अमुक सेकंदाला पेटव, असा आधी बांधलेला हुकूम होता. तो काढून बूस्टरचा जोर उतरतोय ही खूण रॉकेटने स्वतः ओळखावी आणि मगच पेटवावं, अशी सोय केली. शिवाय बुडाशी पंख बसवले, म्हणजे त्या निराधार क्षणात रॉकेट निदान बाणासारखं सरळ राहावं. 20 मे 1992 ला तिसरं उड्डाण झालं, 106 किलोचा उपग्रह वर गेला. 4 मे 1994 ला चौथं झालं आणि एएसएलव्ही निवृत्त झालं. चार उड्डाणांत दोन पडली म्हणून या रॉकेटची आठवण कोणी फारशी काढत नाही. माझं मत विचाराल तर पुढे पीएसएलव्हीने जे नाव कमावलं त्याची पाटी याच रॉकेटने गिरवून घेतली. तरी पीएसएलव्हीचं पहिलं उड्डाण, 20 सप्टेंबर 1993 चं, फसलंच. टप्पे आपापलं काम करत होते. दुसरा आणि तिसरा टप्पा विलग होताना झटका बसला, आणि तो सावरताना नियंत्रणाच्या सॉफ्टवेअरमधली एक चूक वर आली. ती अशी होती की आज्ञेचा आकडा ठरलेल्या कमाल मर्यादेच्या वर गेला तरच ती दिसावी. सुरळीत चाललेल्या शंभर चाचण्या घेतल्या असत्या तरी ती लपूनच राहिली असती.

या सगळ्या घन इंधनामागे एक मराठी माणूस होता. वसंत गोवारीकर. 1933 साली पुण्यात जन्म. इंग्लंडात बर्मिंगहॅमला शिकले, तिथे कामही केलं आणि विक्रम साराभाईंच्या बोलावण्यावरून 1967 साली थुंब्याच्या रॉकेट केंद्रात आले. 1979 ते 1985 ते विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालक होते. शेतकऱ्यांनी त्यांचं नाव दुसऱ्याच कारणाने ऐकलं असेल, मान्सूनच्या अंदाजाचं सोळा घटकांचं मॉडेल त्यांचंच. 2 जानेवारी 2015 ला ते पुण्यात वारले. थुंबा म्हटलं की सायकलवरून नेलेल्या रॉकेटच्या तुकड्याचा फोटो दाखवायची पद्धत आहे. तो तुम्ही पाहिलेला असतो, म्हणून मी तो इथे लावलेला नाही. मला गोवारीकरांचं जे काम मोठं वाटतं त्याचा फोटो निघत नाही. परदेशी इंधन विकत आणण्याऐवजी ते इथे, आपल्या रसायनांत, आपल्या हवेत, दर वेळी एकसारखं बनवायचं. "दर वेळी एकसारखं" हे यातलं अवघड काम.

घन इंधन म्हणजे काय? अमोनियम परक्लोरेटचे बारीक कण, अॅल्युमिनियमची पूड आणि हे सगळं धरून ठेवणारं रबरासारखं बंधक. मिक्सरमध्ये घोटायचं, कवचात ओतायचं आणि ठरलेल्या तापमानाला दिवसचे दिवस ठेवून घट्ट करायचं. कण थोडे जाड झाले की जळण्याची गती बदलते. हवेत ओल जास्त असली की मिश्रणाचा स्वभाव बदलतो. आत कुठे पोकळी राहिली, भेग पडली, किंवा इंधन आणि कवचाच्या आतलं अस्तर यांची पकड सुटली, तर आग त्या फटीत शिरते. जळणारा पृष्ठभाग अचानक वाढतो, दाब वाढतो आणि कवच फुटतं. म्हणून प्रत्येक मोटारीचे क्ष-किरण फोटो काढतात, कानोसा घ्यावा तशी अल्ट्रासाउंडने तपासणी करतात.

पण एक गोष्ट करता येत नाही. जी मोटार उडणार ती आधी पेटवून पाहता येत नाही. एकदा पेटली की ती विझत नाही आणि जळून गेलेली पुन्हा भरून तीच मोटार होत नाही. तुम्ही जमिनीवर बांधून जाळता ती तिची बहीण असते, उडते ती दुसरीच. मग जमिनीवरच्या चाचणीला अर्थ कधी? दोघींचं सगळं एकसारखं असेल तेव्हाच. इथे बदलाचा हिशेब किती कडक ठेवावा लागतो ते लक्षात घ्या. रसायनाचा पुरवठादार बदलला, मिक्सरचं पातं बदललं, ओव्हनमधला तापमापक दोन इंच सरकवला, तर जाळून पाहिलेली मोटार कशाची साक्ष देते? जुन्या मोटारीची. नव्या मोटारीबद्दल ती मुकी असते.

आपल्या सर्वांत मोठ्या रॉकेटला, एलव्हीएम-3 ला, दोन बाजूंना एस-200 नावाचे बूस्टर असतात. प्रत्येकात 200 टनांच्या वर घन इंधन. त्याची पहिली जमिनीवरची चाचणी 24 जानेवारी 2010 ला झाली, दुसरी 4 सप्टेंबर 2011 ला. तिसरी 14 जून 2015 ला झाली, आणि तोवर हे बूस्टर एकदा उडूनही आले होते, डिसेंबर 2014 मध्ये. लोकांनी विचारलं, उडालेली वस्तू पुन्हा जमिनीला बांधून कशाला जाळता? प्रश्न बरोबर आहे आणि उत्तरही सोपं आहे: आत काहीही बदललं, की आधी उडून आलेली वस्तू त्या बदलाबद्दल मुकी असते. पुढे या बूस्टरवर माणसं बसवायची म्हटल्यावर त्याच्या आणखी निराळ्या रूपाची चाचणी 13 मे 2022 ला घ्यावी लागली. दर चाचणीत एक अख्खा बूस्टर अवघ्या सव्वादोन मिनिटांत धूर होतो. चाचणी ही फुकटची गोष्ट नाही हे मी इन्स्पेक्शनवाला असूनही मान्य करतो.

रशियनांनी हा खर्च वाचवायला बघितला. चंद्रावर जायच्या शर्यतीत त्यांनी एन-1 नावाचं रॉकेट बांधलं. पहिल्या टप्प्यात 30 इंजिनं. ती द्रव इंधनाची असली तरी त्यांच्या काही झडपा एकदाच उघडणाऱ्या होत्या, म्हणजे एकदा चालवलेलं इंजिन पुन्हा उडवता येत नसे. मग सहा-सहाच्या घाण्यातून दोन इंजिनं चालवून पाहायची आणि उरलेली चार रॉकेटला लावायची. आणि 30 इंजिनं एकत्र, जमिनीला बांधून? ती सोय बांधलीच नाही. वेळ नव्हता, पैसा नव्हता. 1969 ते 1972 या काळात चार उड्डाणं झाली आणि चारही फसली. त्यातलं 3 जुलै 1969 चं रॉकेट तर तळावरच कोसळलं आणि तळ घेऊन गेलं. जी चाचणी जमिनीवर टाळली ती चार वेळा हवेत द्यावी लागली.

चाचणी घेतली म्हणजे झालं, असंही नाही. द्रव इंधनाचं इंजिन पेटवून पाहिलं की ते रिकामं करावं लागतं, धुवावं लागतं, काही भाग खोलून पुन्हा बसवावे लागतात. चाचणीत पास झालेली वस्तू आणि चाचणीनंतर जोडलेली वस्तू एकच आहे का? आमच्या खात्यात यावर भांडणं होत. खोलणारा फिटर शपथेवर सांगे की होतं तसंच बसवलं, आणि तो खोटं बोलत नसे. पण सील नवं असे, बोल्टचा पीळ नवा असे, चिंधीचा एखादा धागा आत राहिलेला असे.

महाराष्ट्राचा यात हात किती आहे ते मुलांना सांगायला हवं. विकास नावाचं इंजिन मुंबईत विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यात बनतं. घन मोटारींची पोलादी कवचं इंदापूर तालुक्यात वालचंदनगरला बनतात, उसाच्या पट्ट्यात. आणि वस्तू कुठेही बनो, तपासणीतून काय निसटू शकतं याचा धडा 10 जुलै 2006 ला मिळाला. जीएसएलव्हीच्या चार बूस्टरपैकी एकाचा जोर उड्डाणानंतर क्षणार्धात पडला आणि मिनिटाभरात रॉकेट गेलं. चौकशीत दिसलं की त्या इंजिनाच्या गॅस जनरेटरला इंधन मोजून देणारा जो रेग्युलेटर होता, तो बंद स्थितीतही प्रमाणाबाहेर इंधन सोडत होता. आराखडा बरोबर. बनवताना नकळत झालेली चूक, आणि नंतरच्या सगळ्या तपासण्यांतून ती निसटली. म्हणजे इथे आराखडा कोणी बदलला नव्हता, तरी वस्तू बदलली होती! कागदावर न झालेला बदल हा सगळ्यांत वाईट, कारण त्याच्यावर कोणाची सहीच नसते.

उलट प्रकारही होतो. वस्तू तीच राहते आणि म्हणूनच घात करते. 4 जून 1996 रोजी युरोपचं एरियान-5 पहिल्यांदा उडालं आणि 40 सेकंदांच्या आत मोडून जळालं. दिशा सांगणारं उपकरण आणि त्याचं सॉफ्टवेअर एरियान-4 वर उत्तम चाललेलं होतं, तेच घेतलं. त्यात आडव्या वेगाशी जोडलेला एक आकडा 16 बिटांच्या खणात भरला जायचा. त्या खणात 32,767 च्या वर मावत नाही. एरियान-4 चा वेग तिथवर पोचतच नव्हता, म्हणून संगणकावरचा भार वाचवायला तिथली राखण काढून टाकली होती, तीही विचार करून. एरियान-5 चा आडवा वेग सुरुवातीला पाच पट झपाट्याने वाढतो. आकडा मावला नाही, उपकरण बंद पडलं. शेजारचं राखीव उपकरण? त्यात तेच सॉफ्टवेअर, ते क्षणभर आधीच बंद पडलं होतं. आणि गंमत बघा, ज्या कामासाठी तो आकडा काढला जात होता त्या कामाची एरियान-5 ला उड्डाणानंतर गरजच नव्हती. जुन्या रॉकेटची सवय म्हणून ते चालू ठेवलं होतं.

जमिनीवर या उपकरणाची नव्या मार्गाने चाचणी का घेतली नाही? कारण ते सिद्ध झालेलं होतं. सगळ्या यंत्रणेची एकत्र चाचणी घेताना खरं उपकरण न लावता त्याची नक्कल लावली. जे बदललं ते तपासलं, जे बदललं नाही ते सोडून दिलं. मी उभ्या आयुष्यात हेच पाहत आलो. बदललेल्या भागाला सगळे घेरून उभे राहतात, आणि अपघात त्याच्या शेजारच्या, न बदललेल्या भागात होतो.

स्पेसएक्सचं फाल्कन-1 हे याचं सर्वांत स्वच्छ उदाहरण. पॅसिफिकमधल्या एका चिमुकल्या बेटावरून ते उडायचं. दोन उड्डाणं फसल्यावर तिसऱ्यासाठी त्यांनी पहिल्या टप्प्याचं इंजिन सुधारलं. आधी इंजिनाची आतली बाजू जळून झिजत झिजत उष्णता सोसायची. नव्यात भिंतीतल्या नळ्यांमधून इंधनच फिरवून ती थंड ठेवायची. सुधारणा निर्विवाद चांगली. 3 ऑगस्ट 2008 ला उड्डाण झालं, इंजिन सुरेख चाललं, वेळेवर बंद झालं, टप्पे सुटले, आणि खालचा टप्पा मागून येऊन वरच्यावर आदळला. इंजिन बंद केल्यावरही भिंतीतल्या नळ्यांत थोडं इंधन उरत होतं आणि ते क्षणभर जास्त जोर देत होतं. जमिनीवरच्या चाचणीत हे का दिसलं नाही? कारण तो उरलेला दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा कमी होता. जमिनीवर हवेने तो झाकून टाकला. वर पोकळीत झाकायला हवाच नव्हती. उपाय झाला तो फक्त थांबण्याचा. इंजिन बंद होणं आणि टप्पे सुटणं यांच्यामधला वेळ वाढवला. आठ आठवड्यांनी, 28 सप्टेंबर 2008 ला, चौथं उड्डाण कक्षेत पोचलं. मला या गोष्टीत सर्वांत आवडतं ते असं की हाती पैसा संपत आलेला असताना, आता एवीतेवी खोललंय तर आणखी दोन सुधारणा करून टाकू, हा मोह त्यांनी आवरला. कारखान्यात तो कोणाला आवरलेला मी फारसा पाहिला नाही.

आपल्या क्रायोजेनिक इंजिनाने मात्र दोन्ही प्रकारची परीक्षा पाहिली. 15 एप्रिल 2010 ला पहिलं स्वदेशी क्रायोजेनिक इंजिन घेऊन जीएसएलव्ही उडालं. त्यात हायड्रोजन उणे 253 अंशांना द्रवरूप असतो. तो पुढे ढकलणारा छोटा पंप मिनिटाला 34,800 फेऱ्यांपर्यंत गेला, आणि काही सेकंदांत त्याची गती उतरली. इंजिनाला हायड्रोजन मिळेना. समितीने दोन शक्यता मांडल्या: एखाद्या सीलपाशी फिरणारा भाग पकडला गेला, किंवा टर्बाइनचं आवरण फुटलं. यातली कुठली खरी हे समुद्राच्या तळाशी. मग दोन्ही खऱ्या मानून दुरुस्त्या केल्या. इतक्या थंडीत धातू आकसतो आणि बेअरिंग व आवरण सारखे आकसत नाहीत, म्हणून तिथल्या फटी नव्याने ठरवल्या. इंजिन पोकळीत पेटतं का ते पाहायला महेंद्रगिरीच्या चाचणी केंद्रात तशी पोकळी निर्माण करून चाचणी घेतली. तीन वर्षं सगळ्यांचं लक्ष त्या एका टप्प्यावर होतं.

19 ऑगस्ट 2013. उड्डाणाला 74 मिनिटं उरली होती. आणि गळती दिसली. कुठे? क्रायोजेनिकमध्ये नाही. त्याच्या खालच्या, दुसऱ्या टप्प्यात, ज्याच्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. त्या टाकीचं अॅल्युमिनियम मिश्रधातू अशा जातीचं होतं की ताण आणि काळ एकत्र आले की त्यात बारीक भेगा पडू शकतात. क्रायोजेनिक दुरुस्त होईस्तोवर ही टाकी वाट बघत जुनी होत होती. एका ठिकाणची वाजवी वाट दुसऱ्या ठिकाणी रोग झाली. मग दुसरा टप्पा अख्खा नवा बांधला, दुसऱ्या मिश्रधातूचा, आणि 5 जानेवारी 2014 ला ते रॉकेट 1,982 किलोचा जीसॅट-14 घेऊन व्यवस्थित गेलं.

आता बदल हाताळायचा कसा ते सांगतो. यात चमत्कार काही नाही, एक कागद आहे. आमच्याकडे त्याला चेंज नोट म्हणत. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात रिव्हिजनचं अक्षर असतं, ए, बी, सी. एक रेषाही बदलली तर अक्षर बदलायचं आणि कागद फिरवायचा. कागदात रकाने असतात: काय बदललं, का बदललं, कुठल्या नंबरच्या नगापासून लागू, तयार पडलेल्या मालाचं काय करायचं, आणि शेवटी मोठा रकाना: आणखी कशाकशावर परिणाम. पहिले चार रकाने मन लावून भरलेले असत. पाचव्यात बहुतेक वेळा एकच शब्द: "नाही". एक वयस्क साहेब होते, ते या "नाही" खाली सही करत नसत. म्हणत, नाही कसं कळलं ते लिही. कोणाला विचारलंस, कुठलं ड्रॉइंग पाहिलंस, कुठला हिशेब केलास. पोरं वैतागत. निम्म्या वेळा मात्र ते लिहिता लिहिताच पोरगा उठून दुसऱ्या खात्यात विचारायला जायचा.

एवढं करूनही शेवटी एक घटका अशी येते की कागद संपतात आणि माणसाला ठरवावं लागतं. 10 ऑगस्ट 1979, एसएलव्ही-3 चं पहिलं उड्डाण. उलटी गणना शेवटच्या मिनिटांत असताना संगणकाने ती थांबवली. दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रणासाठीचं आम्ल गळत होतं. तज्ज्ञ म्हणाले, साठा पुरेसा आहे. प्रकल्पप्रमुख अब्दुल कलाम यांनी संगणकाला बाजूला सारून रॉकेट सोडलं. दुसऱ्या टप्प्याचा ताबा गेला आणि रॉकेट बंगालच्या उपसागरात पडलं. ही हकिकत कलामांनीच पुढे असंख्य भाषणांत सांगितली. सांगायचे ते मुख्यतः इस्रोचे तेव्हाचे अध्यक्ष सतीश धवन यांनी पत्रकारांपुढे दोष स्वतःवर कसा घेतला याबद्दल. लोकांना तोच भाग आवडतो. मला त्याआधीची मिनिटं जास्त महत्त्वाची वाटतात. आम्ल पुरेल हा हिशेब चुकीचाच होता असं नाही. पण आम्ल का गळतंय, हा प्रश्न तेव्हा सुटलेला नव्हता. किती गळलं याचं उत्तर मिळालं म्हणून का गळतंय हे विचारायचं राहून गेलं. झडप घाणीने अडकली होती हे नंतर कळलं.

21 ऑक्टोबर 2023 ला गगनयानसाठीची पहिली मोठी चाचणी होती, अडचणीच्या वेळी अंतराळवीरांना रॉकेटपासून ओढून दूर नेणाऱ्या यंत्रणेची. 5 सेकंद उरले असताना संगणकाने गणना थांबवली. टीव्हीवर सगळा देश बघत होता. या वेळी कोणी संगणकाला बाजूला सारलं नाही. कारण शोधलं, दुरुस्त केलं आणि त्याच सकाळी 10 वाजता चाचणी पार पडली. त्या सकाळच्या खोळंब्यावर समाजमाध्यमांत विनोद झाले. मला तो खोळंबा चाचणीइतकाच मोलाचा वाटतो.

जाता जाता आपल्या जिल्ह्याचं एक. 29 सप्टेंबर 2010 ला देशातले पहिले आधार क्रमांक शहादा तालुक्यात टेंभलीला वाटले गेले. दिल्लीहून पंतप्रधान आले होते. बोटांचे ठसे घ्यायचं यंत्र पहिल्यांदा कुठे लावायचं, तर जिथे माणसं दगड-माती उचलतात, ऊस तोडतात आणि बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात तिथे. ते कोणी मुद्दाम ठरवलं होतं की नाही, कोण जाणे. इन्स्पेक्शनच्या नजरेने मात्र जागा अचूक होती. यंत्राची परीक्षा अशाच हातांवर घ्यावी.

मुलांनो, आता शेवटचं रॉकेट. 18 मे 2025, पीएसएलव्ही-सी61. या जातीचं हे 63 वं उड्डाण. पहिला टप्पा ठीक, दुसरा ठीक. तिसऱ्या टप्प्यात मोटारीच्या कवचातला दाब घसरला, असं इस्रोच्या अध्यक्षांनी त्याच सकाळी सांगितलं, आणि उपग्रह गेला. तिसरा टप्पा घन इंधनाचा, डझनावारी वेळा उडालेला. एरियानचा चौकशी अहवाल अपघातानंतर दीड महिन्यात, 19 जुलै 1996 ला तयार होता, आणि आज कोणीही शाळकरी पोर तो इंग्रजीत वाचू शकतं. आपलेही असे अहवाल पूर्णपणे उघडे असावेत, आणि कोणीतरी ते मराठीत करून जिल्ह्याच्या ग्रंथालयात ठेवावेत, असं मला फार वाटतं. अशा अहवालात काय बघायचं ते आज शिकवून ठेवतो. बिघडलेला भाग कोणता, हे सगळेच वाचतील. तुम्ही त्याच्या पुढचं पान काढा. हा नग आणि याआधी नीट उडालेला नग यांच्यात काय वेगळं होतं? रसायन कोणत्या घाण्याचं, कवच कोणत्या महिन्यातलं, पुरवठादार तोच की दुसरा, मोटार किती दिवस पडून होती, आणि जमिनीवर जाळून पाहिलेली तिची बहीण कोणत्या सालातली? तक्ता मिळाला तर तारखांच्या रकान्यावर पट्टी ठेवून एकेक ओळ खाली या.

आता तुमचे प्रश्न घेतो. मुलींनी आधी विचारायचं.